पणजीचं नाव कुठलं?

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातला घरगुतीपणा शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सांस्कृतिक समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी मुदतठेवी आणि नॉमिनेशन यावर बोलेन. त्यावर मी मागच्या वर्षी बोललो, आणि पहिल्या रांगेतले दोघे जण शांत झोपलेले मी व्यासपीठावरून पाहिले. ते दोघे आजही आले आहेत, त्यांचे आभार. आज विषय नावांचाच आहे, पण नॉमिनीच्या नावाचा नाही. पाळण्यातल्या नावांचा आहे.

सोसायटी नवीन होती तेव्हा मी खजिनदार होतो. पहिल्या वर्षीच्या संमेलनात मुलांना बक्षिसं दिली, त्याची यादी माझ्या अक्षरात अजून दप्तरात आहे. रोहन, तन्मय, अक्षय, सायली, प्राजक्ता, ऋतुजा. ही मुलं आता आईबाप झाली, काही इथेच राहतात, काही सुट्टीला येतात. आणि त्यांच्या मुलांची नावं काय? रमा, राधा, मीरा, जिजा, केशव, माधव, मल्हार. परवा बागेत एक आई ओरडली, "केशव, घसरगुंडीवर उलटा चढू नकोस!" बाकावर आम्ही पाच म्हातारे बसलो होतो, त्यातल्या तिघांनी चमकून मान वर केली. एकाच्या वडिलांचं नाव केशव, एकाच्या आजोबांचं, आणि तिसऱ्याचं स्वतःचंच.

मी १९७३ साली बँकेत लागलो. तेव्हा खातेदारांच्या नमुना सह्यांची कार्डं लाकडी खणांत असायची. नुसतं नाव वाचून माणसाचं वय सांगता यायचं. पांडुरंग, विठ्ठल, दत्तात्रय, गंगाधर, भागीरथी, सरस्वती, म्हणजे पेन्शनरांची रांग. आमची पिढी सुरेश, रमेश, अशोक, अरुण, विजय आणि प्रकाश यांची; मुलींत कुसुम, सुमन, विमल, शालिनी. आमच्या शाखेत एका वेळी चार सुरेश होते, त्यातल्या दोघांचं आडनावही एकच, म्हणून एक कॅशवाला सुरेश आणि दुसरा क्लिअरिंगवाला सुरेश. मग संजय, राजेश, मनीषा, वैशाली आल्या. १९८९ नंतर सचिन आले ते मात्र लाटेनं आले. गंमत अशी की तेंडुलकरांच्या घरी ते नाव सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं होतं आणि ठेवणारे वडील आमच्याच खणातले, रमेश. पुढे मी निवृत्त होता होता आरव आणि विहान सुरू झाले. मायनर खातं उघडायला आलेल्या आईबापांना मी कौतुकानं अर्थ विचारायचो, तर ते फोन काढून बघायचे.

आणि आता एकदम केशव. हे का झालं असावं याचा मी माझ्यापुरता हिशेब मांडला आहे. आईबापांच्या पिढीचं नाव मुलाला कुणी ठेवत नाही, कारण ते नाव म्हटलं की ऑफिसातले साहेब आठवतात. आजोबांचं ठेवावं, तर आजोबा समोर पेपर वाचत बसलेले. पणजोबांना मात्र कुणी पाहिलेलं नसतं. भिंतीवरचा एक फोटो असतो, तोही आता माळ्यावर. त्यामुळे ते नाव पुन्हा कोरं वाटतं. इंग्लंडातही हेच चाललं आहे म्हणे. आर्थर, आयव्ही, एल्सी ही त्यांच्या पणजोबा-पणज्यांची नावं तिथल्या बाबागाड्यांत परत आली आहेत. या हिशेबानं सुरेश-रमेशांची पाळी यायला २०५० साल उजाडेल. मी काही तोवर थांबत नाही.

पण मंडळी, सगळीच नावं परत येत नाहीत, आणि मला आज खरं तर त्याबद्दल बोलायचं आहे.

बारकाईनं बघा. रमा आली, रमाबाई आली नाही. केशव-माधव आले, दामोदर, जनार्दन, त्रिविक्रम दाराबाहेरच आहेत, आणि अधोक्षजाचं तर कुणी नावही काढत नाही. रेवा आली, नर्मदा आली नाही. खरं तर रेवा म्हणजेच नर्मदा, नदी एकच! पण नर्मदा म्हटलं की नऊवारी आणि मिसरी डोळ्यांपुढे येते. गोदावरी तर आपल्या नाशिकची. रामकुंडावर तिची आरती होते, पुराच्या वेळी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे आपण एकमेकांना फोन करून विचारतो, पण गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या तिन्ही विंगमध्ये मिळून एकाही मुलीचं नाव गोदावरी ठेवलं गेलेलं नाही. मल्हार आला तोही रागावरून आला. जेजुरीच्या खंडोबाचं ते नाव आहे हे कित्येक आईबापांना मागाहून कळतं. त्यात वाईट काही नाही. कळलं की जेजुरीला जाऊन येतात, भंडारा उधळतात, फोटो पाठवतात.

नाव आखूड हवं आणि परदेशात उच्चारता यावं, ही आजची अट आहे. बँकवाल्याच्या दृष्टीनं मला ती मान्य आहे. दत्तात्रय या नावानं संगणकीकरणाच्या वेळी आमचा किती घाम काढला! एकाच माणसाच्या पासबुकात शेवटी वाय, रेशनकार्डात वायपुढे ए, आणि आयकराच्या कागदावर मध्येच ई. रमा म्हणजे इंग्रजीत चार अक्षरं. चूक करायला जागाच नाही.

जुन्या काळी नाव परत यायचं ते आपल्या आवडीनं नव्हे, रिवाजानं. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव. पण मग घरात अडचण व्हायची, कारण सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही! पोटच्या पोराला हाक मारायची तर सासऱ्याचं नाव येतं. यावर उपाय काय, तर त्याला बाळ म्हणायचं. किंवा नाना, अण्णा, तात्या, बापू. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, तेही पूर्वजाचं, पण जगाला ठाऊक झाले ते बाळ म्हणूनच, आणि पुढे सही करतानाही बाळ गंगाधर. आमच्या बँकेत बहात्तर वर्षांचे एक बाळ पेन्शन घ्यायला यायचे. काठी टेकत यायचे. नवीन कारकून मुलगी टोकन पुकारताना हसली की ते म्हणायचे, "माझ्या आईनं मला नावानं कधी हाक मारली नाही, तू तरी मार."

काही नावं परत येत नाहीत ते फार चांगलं आहे. दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी, नथू, कवडू. आज ही नावं ऐकून नातवंडं हसतात. त्यांना सांगायला हवं की ही हसायची नावं नव्हती. एका मागोमाग मुलं दगावायची. देवी, पटकी, नुसता जुलाब. मग पुढचं मूल जगावं म्हणून त्याला दगड म्हणायचं, केरात ठेवल्यासारखं करायचं, कुणाला तरी कवडीला विकल्यासारखं करून परत घ्यायचं, मुलाचं नाक टोचायचं. काळाची नजर पडू नये म्हणून टाकाऊ नाव. म्हणजे ज्या पोराचं नाव सगळ्यात टाकाऊ, तेच त्या घराला सगळ्यात हवं असलेलं. (धोंडो मात्र दोन प्रकारचे. काही धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात जन्मले म्हणून. आणि आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके धोंडिराज नव्हेत, ढुंढिराज. ते गणपतीचं नाव आहे. मागच्या गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेत हे चुकीचं छापलं होतं.)

मुलींच्या बाबतीत नेमकं उलटं. नकुशा, नकोशी. तिथे काळाला फसवायचं नव्हतं, खरंच नको होती म्हणून नाव ठेवलं. हे शंभर वर्षांपूर्वीचं नाही बरं का. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची अशी नावं सरकारी कार्यक्रमात बदलली गेली. त्या मुली आज ऐन तरुण असतील.

आता एक थोडं अवघड बोलतो. गंगू, यमुना, सखू, शेवंता ही नावं आपण का ठेवत नाही? जुनी म्हणून नव्हे. नाटक-सिनेमांनी आणि आपण दिवाणखान्यात बसलेल्यांनी ती मोलकरणींची नावं करून टाकली. पुरुषांत पांडुरंगाचं तेच झालं. प्रत्यक्ष विठोबाचं नाव, पण १९७५ साली 'पांडू हवालदार' आला आणि तेव्हापासून पांडू म्हणजे हवालदार. सिनेमा मीही दोनदा पाहिला, हसलोही. आता आपल्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना त्यांच्या मुलींची नावं विचारा. श्रेया, अनुष्का, कियारा. आणि त्या ज्या घरी भांडी घासतात त्या घरची नात रमा किंवा जिजा. आपण सोडून दिलेली नावं त्यांनी घेतली, त्यांच्या आज्यांच्या नावांतली निवडक आपण उचलली. कोण कुणाची फॅशन करतंय, तुम्हीच ठरवा.

यमुना हे नाव मी मुद्दाम घेतलं. आपल्याकडे रमा आणि आनंदी ही दोन नावं परत आली त्यामागे दोन मोठ्या बायका आहेत. एक रमाबाई रानडे, निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, पुण्याच्या सेवासदनच्या. 'उंच माझा झोका' मालिका २०१२ साली सुरू झाली, घरोघर लोक साडेआठची जेवणं लांबवून बघत होते, आणि मग रमा नाव पुन्हा कानाला गोड लागू लागलं. दुसऱ्या डॉक्टर आनंदीबाई जोशी, १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या. त्यांच्यावर कादंबरी झाली, नाटक झालं, २०१९ साली सिनेमा आला. दोघींची नावं आज पाळण्यावर आहेत याचा मला आनंद आहे.

पण गंमत म्हणा की काय म्हणा, रमाबाईंचं माहेरचं नाव यमुना. आणि आनंदीबाईंचं माहेरचं नावसुद्धा यमुना. दोघींच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव एकच, आणि ते लग्नात गेलं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहायचं, की दहा-अकरा वर्षांची यमुना संपली आणि रमा सुरू झाली. आपण मोठ्या हौसेनं रमा आणि आनंदी परत आणल्या, म्हणजे सासरची नावं परत आणली. यमुना तिथेच राहिली.

हे मला पुस्तकातून नव्हे, बँकेच्या काउंटरवर समजलं. १९८८ च्या सुमाराला एक वृद्ध बाई जुनी ठेवपावती घेऊन आल्या. वडिलांनी लग्नाआधी त्यांच्या नावावर ठेवलेली छोटीशी रक्कम. पावतीवरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही वेगळी. रेशनकार्डावर यातलं एकही नाही. बाई म्हणाल्या, ही मीच. नियमाप्रमाणे आम्ही पुरावा मागितला. शाळेचा दाखला नाही, कारण शाळाच नाही. जन्मनोंद गावच्या आगीत गेलेली. शेवटी त्यांनी धाकट्या भावाला आणलं, तोही सत्तरीचा. त्यानं कागदावर सही करायच्या आधी बहिणीला पावतीवरच्या नावानं हाक मारली, बहुतेक आम्हाला पटावं म्हणून. बाई रडायला लागल्या. आम्हाला वाटलं पैसे मिळणार म्हणून. त्या म्हणाल्या, या नावानं आता एवढा एकच जण हाक मारतो. पुढे प्रतिज्ञापत्र, 'उर्फ', दोन साक्षीदार असं सगळं करून पैसे मिळाले. पण अशा 'उर्फ'च्या फायली मी नोकरीत किती हाताळल्या, आणि त्या बहुतेक सगळ्या बायकांच्या. पुरुषांचं नाव बदलतं ते दत्तक गेल्यावर. आपले कुसुमाग्रज जन्माचे गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले. पण ते चरित्रात छापलं जातं. (आणि टोपणनावात त्यांनी बहिणीचं नाव, कुसुम, जपून ठेवलं, हे मला त्यांच्या कवितेइतकंच आवडतं.)

आता घरचं सांगतो. आमच्याकडे नात झाली आहे, येत्या रविवारी बारसं आहे, तुम्हा सगळ्यांना आमंत्रण आहेच. मुलगा आणि सूनबाई म्हणाले, पणजीचं नाव ठेवायचं. म्हणजे माझ्या आईचं. मी म्हटलं, उत्तम. सूनबाईंनी विचारलं, "बाबा, आजींचं नाव कुठलं?" आता आईचं सासरचं नाव सगळ्यांना माहीत आहे, ते सातबाऱ्यावर आहे, मृत्यूच्या दाखल्यावर आहे. एका देवीचं नाव. पण माहेरचं वेगळं, एका नदीचं. लग्न होऊन आली तेव्हा थोरल्या जावेचं नाव तेच होतं, एका घरात दोघी कशा, म्हणून धाकटीचं बदललं. इतकं साधं कारण. ते जुनं नाव आता दोनच ठिकाणी आहे. एक, रुखवतात आलेल्या पितळी डब्यावर कोरलेलं. आणि दुसरं, मामांच्या पोस्टकार्डांवर. मामा भाऊबीजेला यायचे ते फाटकातूनच त्या नावानं हाक मारत. आई स्वयंपाकघरातून ज्या चालीनं बाहेर यायची ती एरवीची चाल नसायची. आम्हा भावंडांना लहानपणी वाटायचं की मामा कुणा दुसऱ्याच बाईला हाक मारताहेत.

मुलगा म्हणाला, कागदोपत्री जे आहे तेच ठेवू. सूनबाई म्हणाल्या, ते तर आजींना दिलेलं नाव, त्यांचं नव्हे. (सूनबाईंनी लग्नानंतर स्वतःचं नाव, आडनाव काहीच बदललेलं नाही, हे तुम्ही आमच्या दारावरच्या पाटीवर वाचलं असेलच.) दोन दिवस घरात चर्चा चालली. माझ्या सौभाग्यवतींनी निकाल दिला तो व्यवहारी होता. त्या म्हणाल्या, सासूबाईंचं सासरचं नाव मी पंचेचाळीस वर्षांत तोंडातून काढलं नाही, आता त्या नावानं नातीला 'शेंबूड पूस' म्हणायला मला जमणार नाही; माहेरचं चालेल. तर माहेरचं ठरलं. कोणती नदी ते मी आज सांगत नाही. आत्या, म्हणजे माझी लेक, पुण्याहून येते आहे, तिनं कानात सांगायच्या आधी मी नाव फोडलं तर मला घरात घेणार नाहीत.

ज्यांच्या घरी बारसं आहे त्यांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, नाहीतर मी बँकेचा माणूस कसला. जन्माची नोंद २१ दिवसांत होते, पण तेव्हा नाव ठरलेलंच हवं असं नाही. नाव नंतर घालता येतं, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण पंधरा वर्षं वाट बघू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, सगळीकडे जन्मदाखलाच लागणार आहे. स्पेलिंग एकदाच ठरवा, घरातल्या सगळ्यांनी तेच लिहा. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं आहे. नियम झाला तेव्हा कट्ट्यावर आपली बरीच वादावादी झाली होती. मी बाजूनं होतो, आजही आहे. निदान पुढच्या पिढीतल्या आयांची नावं भावाला साक्षीला आणून सिद्ध करावी लागणार नाहीत.

मागच्या पिढ्यांचं काय? तर सेक्रेटरींच्या परवानगीनं मी सोसायटीच्या ऑफिसात एक दोनशे पानी वही ठेवली आहे. चार रकाने आखले आहेत: आजी किंवा पणजीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, आणि नाव का बदललं ते माहीत असेल तर. तुमच्या घरात ज्या कुणी ऐंशी-नव्वदीच्या आहेत त्यांना आज रात्री जेवताना विचारा. सांगायला लाजतील, 'आता कशाला ते' म्हणतील, तरी विचारा. घरातल्या कामाच्या मावशींच्या आईचंही नाव चालेल, वही सगळ्यांसाठी आहे. स्मरणिकेत कुटुंबांची यादी छापायची आहे, त्यात ही नावं घालायचं संपादक मंडळानं कबूल केलं आहे. आजीचं माहेरचं नाव कुणालाच आठवत नसेल तर तो रकाना रिकामा सोडा, पण सासरचं तरी लिहा.

ऑफिस रविवारी दहा ते बारा उघडं असतं. वहीला दोरीनं पेन बांधलं आहे. बँकेतली सवय.